मीच मारलं म्हणतात

१३ जून २०२४, गुरुवार

वहिनींच्या कपाळाला चार टाके पडले. दादा म्हणतो, मी मारलं. पान्यानं.

मला आठवत नाही. जेवलो, गोळी घेतली, पुढच्या खोलीत, माझ्या दुकानात, कूलरच्या मोटारीला नवी तार गुंडाळत, वायंडिंग करत बसलो — इथपर्यंत आठवतं. मग झोप लागली असेल. दुपारच्या गोळीनं लागते. जाग आली ती दादाच्या ओरडण्यानं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात बसलेल्या. पदर कपाळावर दाबलेला, सगळा लाल. माझा पाना त्यांच्या पायाशी. माझाच. दांड्याला पिवळी टेप मीच गुंडाळली आहे.

"काय केलं हे, बंड्या!"

दवाखान्यात दादानं डॉक्टरला बाजूला नेऊन सांगितलं — लहान भाऊ मानसिक रुग्ण आहे, नऊ वर्षं झाली, स्किझोफ्रेनिया. डॉक्टरनं मान हलवली. वहिनींना काही विचारलंच नाही. दादा वकील आहे. त्यानं सांगितलं की लोकांना पटतं. मलाही पटतं.

घरी आल्यावर त्यानं पट्टा काढला. "मार काय असते ते समजू दे तुले!" बकलाच्या बाजूनं मारलं. आई पलंगावर बसून होती. म्हणाली, "हात कसा उचलला रे तुहा? घरची लक्ष्मी हाय ते." दादाला थांब म्हणाली नाही.

मीही म्हणालो नाही. मारलं असेल तर मार खायलाच पाहिजे.

१४ जून

पाठ टेकत नाही. पालथा पडून लिहितो आहे. वहिनींनी वाटीत हळद-तेल आणून ठेवलं. "लावून घ्या भाऊजी." मी त्यांचं डोकं फोडलं आणि त्या मला तेल देतात!

२० जून, गुरुवार

अकोल्याला जाऊन आलो. माझा डॉक्टर अकोल्यात आहे, कारण अमरावतीत कोणी पाहील म्हणून दादाला नको. दर पंधरा दिवसांनी बडनेऱ्याहून गाडी. वहिनी सोबत येतात. दादाला कोर्ट असतं.

आज तिथं एक नवीन मॅडम होत्या. श्रावणी मॅडम. मानसशास्त्राचा अभ्यास करत आहेत — आमच्यासारख्या आजाराच्या लोकांना दुसऱ्याच्या तोंडावरचं किती ओळखता येतं, आणि त्यात बाई-पुरुषांत काही फरक असतो का. चोवीस फोटो दाखवले. खाली सहा शब्द : आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. एक निवडायचा.

मला नऊ बरोबर आले. भीतीचा एकही नाही! सगळ्या भीत्यांना मी आश्चर्य म्हणालो. एका रागावलेल्या माणसाला आनंद लावला. दात दिसत होते त्याचे.

मग वाक्यं होती. "दुसऱ्याला रडताना पाहून मला त्रास होतो." मी खूण केली — कधीच नाही.

"नक्की?" मॅडम म्हणाल्या.

"नक्की."

माझ्यानंतर दामिनीताई. अकोल्याच्याच आहेत, चाळिशीच्या, आजार माझाच. त्यांना एकोणीस! मॅडमना विचारलं, असं काहून? त्या म्हणाल्या, आतापर्यंत सदतीस जण झाले, त्यात बायकांना पुरुषांपेक्षा जास्त ओळखू येतं, भीती तर खूपच जास्त. पण एवढ्यावरून काही ठरत नाही. दामिनीताई मधेच बोलल्या, "ठरत नाही काय? बाईले घरात पाय टाकतानाच पाहा लागते, आज कोनाचं तोंड कसं हाय. नाही पाह्यलं तं मार पडते."

मॅडमनी ते लिहून घेतलं.

बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या. दामिनीताईंनी त्यांच्याकडे दारातून एकटक पाहिलं. मग मला हळूच म्हणाल्या, "तुमच्या वहिनीले घरी कोन मारते?"

"मी."

"तुमी नाही."

"मीच. दादा म्हणतो."

"तुमी तिच्या बाजूले बसले तं तिनं खांदे सैल सोडले. आता तिचा फोन वाजला, नाव पाह्यलं, तं सगळी आखडली. कोनाचा फोन होता?"

दादाचा होता.

"पन माहं धरू नका," असंही म्हणाल्या. "मले नसते तिथंबी भीती दिसते. माह्या बिमारीत तेच हाय."

मॅडमनी मला गृहपाठ दिला. रोज एक चेहरा पाहायचा, लिहायचा. तोंडाकडे नाही पाहायचं, डोळे आणि भुवया पाहायच्या. मी आजपर्यंत फक्त दात पाहत होतो.

२१ जून

आईचा चेहरा. भुवया खाली. ओठ आवळलेले. राग? विचारलं, तर म्हणाली दात दुखून राहिला.

२३ जून, रविवार

दादाचा चेहरा. दोन पक्षकार आले होते. दादा हसत होता. तोंडाचे कोपरे वर, पण डोळ्यांच्या बाजूला सुरकुती पडत नाही. मॅडमनी सांगितलं होतं, खऱ्या हसण्यात तिथं पडते. मी बराच वेळ पाहत राहिलो. पक्षकार गेल्यावर त्यानं मला कानाखाली मारली. "लोकायसमोर वेड्यावानी टक लावून काहून पाह्यतं बे?"

कान अजून वाजतो आहे. त्यात रेडिओवाला बोलतो. तो माझ्या डोक्यातला जुना माणूस, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासूनचा. बातम्या देतो. गोळ्यांनी आवाज कमी होतो, बंद होत नाही. आज म्हणाला : बंडूनं मारलं, बंडूनंच मारलं, सविस्तर वृत्त थोड्या वेळात.

२६ जून

वहिनींचा चेहरा. भाकरी थापत होत्या. दादाच्या गाडीचा आवाज आला. भुवया वर गेल्या आणि एकमेकींकडे ओढल्या गेल्या. डोळ्यांचं पांढरं जास्त दिसलं. एका सेकंदात सगळं पुसलं. परत थापायला लागल्या.

मी दुकानातल्या पुठ्ठ्यावर त्या भुवया काढून ठेवल्या, वायंडिंगची आकृती काढतो तशा. ह्या आश्चर्याच्या नाहीत. आश्चर्याच्या भुवया कमानीसारख्या असतात. ह्या मधून मोडलेल्या आहेत.

४ जुलै, गुरुवार

अकोला. पुठ्ठा मॅडमना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाल्या, "ही भीती आहे, अमोल." तिथं मी अमोल असतो, कार्डावर तेच नाव आहे. त्यांनी वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले, अभ्यासासाठी. वरून एक सुचवलं — कुठं होतो, काय करत होतो, हे घड्याळ पाहून लिहा. रेडिओवाला काही म्हणाला तर पान पाहा.

दामिनीताईंना सांगितलं, तुमचं बरोबर होतं. त्या खूश नाही झाल्या. त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला आहे, आज पहिल्यांदा नीट पाहिला. म्हणाल्या, "नवऱ्याचं तोंड मले चांगलं वाचता ये. पन वाचून करता काय? दार तं बाहेरून लावलं होतं."

७ जुलै, रविवार

३.१० — दुकानात. खुर्चीवर. विहिरीवरच्या पंपाची पाच एच.पी.ची मोटार. हातात तार.

३.१८ — आत भांडं पडलं. दादाचा आवाज. शब्द समजले नाहीत.

३.२० — धप्प. परत धप्प. मी खुर्चीवर.

३.२१ — रेडिओवाला म्हणतो, तू आत आहेस, तूच मारतो आहेस. मी खुर्चीवर. माझे दोन्ही पाय दिसताहेत. तार हातात आहे.

३.२२ — वहिनी ओरडल्या. अर्धंच. तोंडावर हात ठेवल्यासारखं.

३.२६ — दादा दारात. "बंड्या! काय केलं हे!"

संध्याकाळी ६

वहिनींचा खालचा ओठ फाटला आहे. एक दात हलतो आहे. दादानं आईला सांगितलं, बंड्या आत आला आणि डोकं भिंतीवर आपटलं. "इंजेक्शन वाढवा लागीन ह्याचं." नंतर मला कोपऱ्यात धरून लाथा घातल्या. बरगडीवर. मी नेहमीसारखा गप्प. पण ह्या वेळी मला माहीत होतं!

वही उघडली. पान वाचलं. चार वेळा वाचलं. अक्षर माझंच. खुर्चीवर. खुर्चीवर. खुर्चीवर.

मी नव्हतो.

८ जुलै

मी नव्हतो.

९ जुलै

मग त्या पान्याच्या वेळी? त्याच्या आधी दिवाळीत वहिनींची बोटं दारात चेंगरली, ते? मागच्या उन्हाळ्यात पाठीवर उकळता चहा, ते? सगळं माझ्या नावावर आहे. मी आईचे पाय धरून माफी मागितली होती. वहिनींची पण मागितली होती. त्या म्हणाल्या होत्या, "असू द्या भाऊजी." आणि तोंड फिरवलं होतं. मला वाटलं होतं राग आला.

१८ जुलै, गुरुवार

गाडीत विचारलं. मूर्तिजापूर गेल्यावर डबा रिकामा झाला.

"वहिनी, मी नव्हतो मारत."

त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "माहीत हाय मले."

"मग बोलत काहून नाही?"

"बोलली तं तुमाले नागपूरच्या पागलखान्यात टाकतीन, म्हनते तुमचे दादा. जन्मभरासाठी. कागद तयारच ठेवले हायेत. अन् तुमी गेले तं मंग मी त्या घरात एकटी."

"मी असून काय उपयोग आहे?"

"तुमी बाजूच्या खोलीत असते न. ठोकठोक चालू असते तुमची. बरं वाटते."

त्या रडत होत्या. मला पोटात दुखायला लागलं, नाभीच्या वर. अकोल्यापर्यंत दुखत होतं. मॅडमना म्हणालो, ॲसिडिटी झाली. त्यांनी विचारलं, कधीपासून? सांगितलं. मग त्यांनी समजावलं, चेहरा ओळखता येणं वेगळं आणि ते पाहून आपल्याला आतून काही होणं वेगळं. काही लोकांत पहिलं मागे पडतं, दुसरं असतंच. फक्त त्याला नाव देता येत नाही. त्यांच्या अभ्यासात बरेच पुरुष "कधीच नाही" वर खूण करतात. त्यातल्या किती जणांच्या पोटात दुखत असेल, हे त्यांनाही माहीत नाही.

फोटोंत आज तेरा आले. भीतीचे तीन.

मॅडम पोलिसांत जा म्हणाल्या. वहिनी नाही म्हणाल्या. मॅडमनी परत विचारलं, परत नाही. मॅडमनी स्वतःचा नंबर लिहून दिला आणि पानांचे फोटो घेतले. ७ जुलैचं पान दोनदा.

२८ जुलै

खुर्चीवर. १० ते १. आत शांत.

३१ जुलै

वहिनींचे केस. मूठभर. न्हाणीच्या जाळीत. मी जाळी साफ केली.

४ ऑगस्ट, रविवार

ललल. डाव्या हाताचं अक्षर असं येतं. थांबतो.

६ ऑगस्ट

थोडं थोडं लिहितो.

रविवारी दादाला वही सापडली. दुकानात आला, दार आतून लावलं. उभ्याउभ्या इथली तिथली पानं वाचली. त्याच्या तोंडाकडे पाहत होतो — काही ओळखू येत नव्हतं. मग म्हणाला, "छान लिहितं की बे तू. वकील व्हायले पाह्यजे होतं." आणि पानं फाडायला लागला. एकेक. फाडून स्टोव्हवर, वार्निश तापवतो त्या.

मी पकडायला गेलो. त्यानं माझा उजवा हात धरून टेबलावरच्या व्हाइसमध्ये घातला. मोटारीची बॉडी आवळून धरतो तो व्हाइस. दांडा फिरवला. मी ओरडलो. आई बाहेरून म्हणाली, "काय झालं रे?" दादा म्हणाला, "फीट आली त्याले. तू जा." परत फिरवला. हाडाचा आवाज कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा येतो.

"आता लिही," म्हणाला.

तीन बोटं मोडली. प्लास्टर कोपरापर्यंत. दवाखान्यात सांगितलं, ह्यानं स्वतःच घातला हात. डॉक्टर माझ्याशी बोललाच नाही.

ही नवीन वही वहिनींनी आणली. दळणाच्या डब्यात लपवून.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

अकोला. काल सुट्टी होती, म्हणून आज. दामिनीताईंनी प्लास्टर पाहिलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. जाऊन वहिनींच्या बाजूला बसल्या. निघताना दामिनीताई त्यांना एवढंच म्हणाल्या, "बाई, माह्यावेळी मी वाट पाह्यत बसली होती का कोनी इचारीन. कोनी इचारत नाही."

२२ ऑगस्ट

दादानं अर्ज लिहिला आहे. मी घरच्यांच्या जिवाला धोका आहे, म्हणून. टेबलावर मुद्दाम उघडा ठेवला. वाचला. भाषा चांगली आहे. वाचून मीही मला घाबरलो असतो. त्यात तारखा आहेत, जखमा आहेत, सगळं खरं आहे, फक्त नाव बदललं आहे. शेवटच्या ओळीत तारखेची जागा रिकामी सोडली आहे.

२७ ऑगस्ट

त्या रिकाम्या जागेचाच विचार येतो. कोणत्या दिवसाची आहे ती?

३ सप्टेंबर, मंगळवार

आता लिहू शकतो.

रविवारी दुपारी एक वाजता दादा दुकानात आला. माझ्याकडे न पाहता फळीवरची हातोडी घेतली. मोठी, बेअरिंग काढायची. मी त्याचा चेहरा पाहिला. राग नव्हता. काहीच नव्हतं! मॅडमच्या चोवीस फोटोंत असा एकही नाही. दळण आणायला निघाल्यासारखा आत गेला.

मी मागे गेलो. वहिनी ओट्याशी भांडी घासत होत्या, पाठमोऱ्या. त्यानं हातोडी खांद्यावर घातली. त्या आधी ओरडल्याच नाहीत. वळल्या. भुवया मधून मोडलेल्या, डोळ्यांचं पांढरं, ओठ मागे ओढलेले.

"भीती!" मी मोठ्यानं म्हणालो. परीक्षेत म्हणतात तसं. वेड्यासारखं वाटलं असेल. दादा हसला. ह्या वेळी डोळ्यांशी सुरकुती पडली.

दुसरा घाव बसायच्या आधी मी मध्ये गेलो. माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं. पडलो. त्यानं पाठीवर मारलं, मांडीवर मारलं. "मार मले! उचल हात!" ओरडत होता. "उचल न!" मला समजलं त्याला काय पाहिजे. माझ्या हाताची एक खूण पाहिजे होती, त्याच्या अंगावर. त्या रिकाम्या जागेसाठी. मी डाव्या हातानं ओट्याखालचा पाइप धरला आणि सोडला नाही. रेडिओवाला किंचाळत होता : मार, मार, मार. त्याचं आणि दादाचं एकच म्हणणं होतं. मी पाइप सोडला नाही.

तोंडात रक्त आलं. फरशीवर खरकटं पाणी आणि रक्त एक झालं. आई दारात उभी राहून दादाला "किशोर, किशोर" म्हणत होती. आत येत नव्हती.

वहिनी मागच्या दारानं गेल्या. मला वाटलं, गेल्या, बरं झालं. पण त्या गल्लीत उभ्या राहिल्या. एक हात लोंबत होता. दहा वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"ऐका वो! समदे ऐका! हा वकील मारते मले! नऊ वर्सांपासून मारते! बंडूभाऊजी नाही मारत! कवाच नाही मारलं त्यायनं! हा मारते, अन् नाव त्यायचं घेते! आता त्याले जिवानं मारून राहिला आत!"

समोरच्या आशाबाई आल्या आधी, हाताला कणीक तशीच. त्यांच्यामागून तीन-चार जण. दादाचा आवाज लगेच बदलला. कोर्टातला झाला. "पाहा, आशाबाई, बंडूनं पुन्हा काय केलं ते. आवरता आवरत नाही हो..."

आशाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"हातोडी तं तुमच्याच हातात हाय, वकीलसाहेब."

दादानं हातोडीकडे पाहिलं. खरंच पाहिलं. जणू कोणी दुसऱ्यानंच दिली होती.

५ सप्टेंबर

दवाखान्यात आहे. हवालदार दारात. माझ्यासाठी नाही म्हणे, दादा येऊ नये म्हणून. नऊ वर्षांत पहिल्यांदा दाराबाहेरचा माणूस माझ्यासाठी नाही.

९ सप्टेंबर

वहिनींनी ठाण्यात जबाब दिला. साहेब दादाच्या ओळखीचे. म्हणाले, एवढी वर्षं गप्प काहून होत्या? वहिनी म्हणाल्या, "आता बोलून राहिली न. लिहा." अडीच तास लिहून घेतलं. खाली सही : सत्यवती किशोर. अक्षर गोल, शाळेतलं.

श्रावणी मॅडम अकोल्याहून आल्या. जळालेल्या पानांच्या छापील प्रती घेऊन, १ ऑगस्टला काढलेल्या फोटोंसकट. साहेबांनी ७ जुलैचं पान वाचलं. परत वाचलं. "वेड्यानं लिहिलेलं कोर्टात टिकत नाही," म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "टिको न टिको, तुम्ही जोडा." जोडलं.

दादाला परवाच अटक झाली होती, गल्लीतल्या लोकांच्या जबाबावरून.

११ सप्टेंबर

आई भेटायला आली. बसली नाही. "घर मोडलं तुमी दोघायनं." माझ्याकडे लय वेळ पाहत राहिली. मी ओळखायचा प्रयत्न केला. भुवया, डोळे, ओठ. सहाही नावं लावून पाहिली. एकही बसलं नाही. गेली.

पोटात दुखलं. ॲसिडिटी नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दादाला जामीन मिळाला. आई त्याच्यापाशी आहे. वहिनी तिवशाला, भावाकडे. मी बडनेऱ्यात एक खोली घेतली. गोळ्या माझ्या मीच घेतो. बोटं वाकत नाहीत नीट, बारीक तार धरता येत नाही. पंख्याच्या मोटारी जमत नाहीत, पंपाच्या जमतात.

अकोल्यात आज सतरा आले. दामिनीताईंना अठरा! त्या म्हणाल्या, "आता एकानंच पुढं उरली बाप्पा मी." खूप दिवसांनी हसलो. मॅडम म्हणाल्या, ह्याला सुधारणा म्हणायचं की मार खाऊन शिकणं, ते माझ्या तक्त्यात बसत नाही.

२० ऑक्टोबर

मी कोणाला मारलेलं नाही. उठल्यावर पहिलं हेच आठवतं. चहा करताना आठवतं. रेडिओवाला काही म्हणाला तर मी त्यालाच बातमी देतो : बंडूनं कधीच कोणाला मारलेलं नाही. गल्लीत सगळ्यांसमोर सांगितलं आहे. सरकारी कागदावर आहे.

१६ नोव्हेंबर

उद्या तिवशाला जाणार. वहिनींना भेटायचं आहे. त्यांनी फोनवर दोनदा विचारलं, कधी येता? मोझरीला उतरून थोडी सीताफळं घेईन.

१७ नोव्हेंबर, रविवार

अंगणात बसलो होतो. मी म्हणालो, वहिनी, तुम्ही गल्लीत ओरडल्या ना, कवाच नाही मारलं, ते मी रोज आठवतो.

त्यांनी हातातलं सीताफळ खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ते खोटं होतं, भाऊजी. एक वेळ मारलं तुमी."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मी तेव्हा गोळ्या घेत नव्हतो. त्या जेवायला बोलवायला आल्या. पोटात लाथ मारली. त्यांना पाचवा महिना होता.

"तुमी बिमार होते. तुमाले काही माहीतच नव्हतं. तुमचे दादा तवा तुमच्यासाठी खोटं बोलले. समद्यायले सांगतलं, न्हानीत घसरून पडली. लय रडले ते त्या दिवशी. त्याच्यानंतर हात उचलाले लागले माह्यावर."

मी अंगणात पडलेल्या सीताफळाच्या बिया एकेक वेचल्या.

विचारलं, मुलगा होता का मुलगी?

"मुलगी."